चौतिसाव्या पानावरचे पाच खड्डे

तोंडी परीक्षेला दहा दिवस उरले असताना धाकटीने आपल्या प्रबंधाचं चौथं प्रकरण ताईसमोर आदळलं आणि म्हणाली, "फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ. अक्कल शिकवू नकोस."

"शिकवली तर ठेवशील कुठे?" ताई म्हणाली.

आतून आईचा आवाज आला, "भांडायचं असेल तर गच्चीवर जा. मला बातम्या ऐकू येत नाहीत."

रविवारची सकाळ होती. तीन बायकांचं घर. आई निवृत्त परिचारिका. ताई विद्यापीठाच्या तळघरात एका सूक्ष्मदर्शकावर काम करायची, ज्यात धातूच्या पृष्ठभागावरचा एकेक अणू दाण्यासारखा वेगळा दिसे. धाकटी रस्त्यापलीकडच्या व्यवस्थापन विभागात होती. कंपन्या दरवर्षी जाडजूड शाश्वतता अहवाल काढतात ना, आम्ही पाणी किती वाचवलं, कचरा किती कमी केला, ते सांगणारे, ते वाचणं हे तिचं काम. चाळीस कंपन्यांचे सहा-सहा वर्षांचे अहवाल तिने ओळ न् ओळ वाचले होते. आई तिला अहवालांची सासू म्हणायची, आणि ताई म्हणायची बडबडी.

चौथं प्रकरण म्हणजे प्रबंधाचा कणा. सांडपाणी शुद्ध करायच्या धातूच्या पट्ट्या बनवणारी एक कंपनी होती. पट्टीवर काही अणूंच्या जाडीचा लेप असतो. पूर्वी तो लवकर झिजायचा आणि पट्ट्या टनावारी कचऱ्यात जायच्या. आमचा नवा लेप दोन वर्षांनंतरही शाबूत राहतो, असं कंपनी सांगत होती. चाळीसात ही एकच अशी, जिने आपलं म्हणणं बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं होतं. बडबडीचा सगळा सिद्धान्त त्यावर उभा: जे बाहेरच्यांना तपासू देतात, ते बोलतात तसं वागतात.

पुरावा म्हणून तिने कंपनीचा मूळ अहवाल सोबत ठेवला होता. ताईने चौतिसावं पान उघडलं. पानावर शेजारी शेजारी दोन चित्रं होती. 'वापरापूर्वी' आणि 'दोन वर्षांच्या वापरानंतर'. दोन्हीत अणूंच्या रांगाच रांगा, कणीस सोलल्यावर दिसतात तशा. मधे कुठे कुठे काळा खड्डा, म्हणजे तिथला अणू जागेवर नाही.

डाव्या चित्रात पाच खड्डे होते. तीन वाकड्या रेषेत, दोन त्यांच्या खाली सरळ. कोयत्यासारखे.

उजव्या चित्रातही कोयता होता. जरा कलता, कोपऱ्याकडे सरकलेला, पण तोच. पात्यात तीन, मुठीत दोन, आणि मधली अंतरंही दाणा न् दाणा तीच.

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खड्डे कुठे पडतील ते कुणाच्या हातात नसतं. दोन वेगळ्या पट्ट्यांवर असे पाच खड्डे सापडणं म्हणजे आकाशात दोन सप्तर्षी सापडणं. कुणीतरी एकच चित्र फिरवून, कापून, दोनदा छापलं होतं.

पण ती चित्रावर आणखी खाली वाकली ते त्याने नव्हे. दोन्ही चित्रांत प्रत्येक दाण्याच्या उजव्या खांद्याशी एक फिकट जोडदाणा होता. चित्र काढणाऱ्या सुईला एकाऐवजी दोन टोकं झाली की असं दिसतं. चौदा महिन्यांपूर्वी ताईच्या यंत्राची सुई पंधरा दिवस अशीच बिघडलेली होती. प्रत्येक सुईचा बिघाड वेगळा, आपल्या पोराचं बोबडं बोलणं आईला कळतं तसा तो ताईला कळायचा.

चित्रं तिच्या तळघरातली होती.

"बडबडे, हा अहवाल तुला दिला कुणी?"

"हसऱ्यांनी. घरी आणून दिला होता ना, तू आईच्या चहाला नावं ठेवत होतीस तेव्हा."

हसरे म्हणजे कंपनीचे शाश्वतता अधिकारी. आडनाव वेगळंच, पण माणूस सतत हसायचा म्हणून घरात हे नाव पडलेलं. दोनदा घरी आले होते. आईचा तो चहासुद्धा हसत प्यायले होते. पदवी झाली की आमच्याकडेच या, असंही बडबडीला म्हणून गेले होते.

"आणि चित्रं कुणी काढली ते त्यांनी सांगितलं?"

"स्वतंत्र प्रयोगशाळा, एवढंच. नाव सांगत नाहीत, नियम असतो. का गं? ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय का चित्रात?"

"काही नाही," ताई म्हणाली.

शंका ही फार मानी पाहुणी. आली की आधी सगळं घर फिरून बघते आणि मग नेमकी आपल्या माणसाच्या खोलीत मुक्काम ठोकते. सोमवारी सकाळी ताई तळघराच्या पायऱ्या उतरत होती तेव्हा तिच्या मनात फक्त हसरे होते. दुपारपर्यंत तसं राहिलं नाही.

तळघरात यंत्राची देखभाल करणारे मेस्त्री त्यात थंड नायट्रोजन भरत होते. निवृत्तीला आलेला माणूस, काम करताना देवाचं काहीतरी गुणगुणायचा. चित्र चालू असलं की मात्र त्यांना गप्प बसावं लागे, कारण यंत्र इतकं हळवं की त्यांचा सूर चित्रात रेघा होऊन उतरायचा.

"मेस्त्री, कंपन्यांची तपासणीची कामं आपल्याकडे कशी येतात?"

"विभागप्रमुखांच्या टेबलावरून. नाव नाही, गाव नाही, नुसते नंबर. तुम्हालाच ठाऊक. आज काय परीक्षा घेताय का माझी?"

म्हणजे ते नमुने कुणाचे, हे तेव्हा ताईलाही माहीत नव्हतं. तिने जुनी नोंद काढली. क्रमांक सात, न वापरलेली. क्रमांक अकरा, वापरलेली. सातचं चित्र गुरुवारी दुपारी, अकराचं शुक्रवारी सकाळी. दोन्ही तिच्याच हातची. मग अकराचं खरं चित्र गेलं कुठे? सातचंच फिरवून त्या जागी ठेवायचं तर संगणकाला हात लावायला हवा, आणि तो तिघांनाच उघडता येई. ती, विभागप्रमुख, मेस्त्री.

मेस्त्री? ज्या माणसाला माऊस म्हटलं की आधी पिंजरा आठवायचा?

दाराशी भेट देणाऱ्यांची वही टांगलेली असायची. तिने त्या गुरुवारचं पान काढलं. दिवसभरात एकच नाव होतं. आत यायची वेळ तीन वाजून दहा मिनिटं. वळणदार, घाईची सही. धाकटीची.

ताई खुर्चीत बसली. संगणकाचा परवलीचा शब्द म्हणजे आईचं लाडाचं नाव आणि जन्मसाल. घरातल्या कुणालाही उघडता आलं असतं. चित्र बदललं गेल्याचा फायदा कुणाला? कंपनीला. आणि चौथ्या प्रकरणाला.

छे, असं कसं, ती स्वतःला म्हणाली. आणि पुढचे तीन दिवस बहिणीकडे चोरून बघत राहिली.

फोन आला की बडबडी गॅलरीत जाते. पूर्वी जायची का? हसऱ्यांचं नाव निघालं की विषय बदलते. की ताईच बदलत होती? मंगळवारी जेवताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "तू माझ्या लॅबमध्ये कधी एकटी बसली होतीस का गं?"

"तुझ्या त्या थंड भुयारात? मला काय गोठून मरायचंय?"

"एकदा आली होतीस. मागच्या वर्षी."

"आले असेन. आठवत नाही."

आठवत नाही! ताईने ताट बाजूला सारलं. आईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "कुणी काय फोडलंय ते आत्ताच सांगा. मागाहून कळलं की मी जास्त ओरडते."

गुरुवारी बडबडी अंघोळीला गेली आणि ताईने तिची बॅग उघडली.

पेन ड्राइव्ह आतल्या कप्प्यात होता. तिने तो घाईने आपल्या लॅपटॉपला लावला. प्रबंधाचे सतरा मसुदे. परीक्षेच्या सादरीकरणाच्या स्लाइड्स. 'ऋणनिर्देश' नावाची एक फाईल. ताईने ती का उघडली, देव जाणे. पहिलीच ओळ होती: 'माझ्या ताईला, जिने मला बघायला शिकवलं.'

"झाली झडती?"

डोक्याला टॉवेल गुंडाळून बडबडी दारात उभी होती.

ताईने लॅपटॉप मिटला. मग तिने सगळं भडाभडा सांगितलं: पाच खड्डे, जोडदाणे, वहीतली सही. बडबडी ऐकत होती. इतका वेळ तिचं तोंड बंद राहिल्याचं या घराने पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी तुझ्या कपाटातून चित्र चोरलं," ती शेवटी म्हणाली. "कंपनीसाठी. नोकरीसाठी."

"मी असं नाही म्हटलं."

"बॅग काय वारा घालायला उघडली होतीस?" तिचा आवाज चिरकला. "सहा वर्षं गं ताई. सहा वर्षं मी चाळीस कंपन्यांवर संशय घेतला, तो माझा धंदा आहे. पण घरी येऊन तुमच्यावर नाही घेतला कधी."

तिने टॉवेल खुर्चीवर फेकला, ओल्या केसांनीच चप्पल घातली आणि गेली. आईने बातम्या बंद केल्या. "तिला त्या सहीच्या दिवशी कुणी रडताना पाहिलं होतं, ते आठव," एवढंच ती ताईला म्हणाली आणि आत निघून गेली.

ताईला ते नीट कळलं नाही. तळघरात पोचेपर्यंत ती एकच वाक्य घोळवत होती: पुरावा तर आहे ना. तिने दोन्ही मूळ चित्रं पडद्यावर शेजारी लावली, उजवं फिरवून डाव्यावर बसवलं. कोयता कोयत्यावर तंतोतंत बसला.

मेस्त्री मागे येऊन उभे राहिले. "काय शोधताय आठवडाभर?"

"चोर."

"मग आधी चोरी झाली का ते बघा की." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हा ठिपका इथे आहे. त्यात नाही."

कोयत्याच्या पात्यापाशी उजव्या चित्रात एक बारीक पांढरा ठिपका होता. "तो काही नाही," ताई सवयीने म्हणाली. "यंत्रातली हवा कितीही काढली तरी थोडी उरतेच. तिच्यातला एखादा कण येऊन बसतो. एक दिवस गेला की असा एखादा..."

ती थांबली.

कुणी डावंच चित्र फिरवून ठेवलं असतं, तर एक दिवसाने बसलेला कण त्यात आला कुठून? चोराला तो सुचला नसता. सुई त्या जागेवरून खरोखर दोनदा गेली होती. गुरुवारी एकदा आणि शुक्रवारी एकदा. चित्रं दोन होती. पट्टी एक होती.

तिने कामाची वही ओढली. त्या यंत्रात हात घालता येत नाही. नखाएवढी पट्टी काचेच्या खिडकीतून बघत, लांब दांड्याच्या चिमट्याने सुईखालच्या टेबलावरून उचलायची, फिरत्या चकतीच्या खान्यात ठेवायची, दुसरी उचलून टेबलावर आणायची. दोन्ही हात गुंतलेले. म्हणून तळघराची रीत होती, आधी वही, मग हात. काय करणार ते आधी लिहायचं आणि मग तसं करायचं. पट्टीचा नंबर तर खालच्या अंगाला कोरलेला, आत असताना दिसायचाच नाही. वही म्हणेल ती खरी.

गुरुवार, तीन वाजून पाच मिनिटं, तिचं अक्षर: 'सात काढून खाना दोनमध्ये. खाना चारमधली अकरा टेबलावर.'

आणि तीन वाजून दहा मिनिटांनी बडबडी आली होती. आता ताईला लख्ख आठवलं. आली होती ती रडत. तिच्या मार्गदर्शकांनी पहिलं प्रकरण फेकून दिलं होतं आणि ती दारातच कोसळली होती. ताईने सुई जरा वर उचलली, दार ओढून घेतलं आणि तिला कुशीत घेऊन संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर बसली. शुक्रवारी सकाळी वही उघडली. वहीत अदलाबदल झालेली होती, हाताने केलेलीच नव्हती. तिने यंत्र सुरू केलं. सुई नेहमीपेक्षा फार लवकर पट्टीजवळ पोचली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. चित्रात रेघा येत होत्या म्हणून तिने कोन फिरवला. काम झाल्यावर पट्टी बाहेर काढून 'अकरा' लिहिलेल्या डबीत ठेवली.

"मेस्त्री, मागच्या वर्षी चकतीत काही..."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. वहीत खाना दोन भरलेला, चार रिकामा. आत बघतो तर दोन रिकामा आणि चार भरलेला. तुम्ही म्हणालात, लिहिताना चुकलं असेल."

वहीत 'दोन' खोडून वर 'चार' केलेलं होतं. तेही तिचंच अक्षर.

मेस्त्रींनी कपाटातून अकराची डबी आणली. ताईच्याने उघडवेना, म्हणून त्यांनीच उघडली, पट्टी चिमट्याने उलटी केली आणि उजेडात धरली.

"सात," ते म्हणाले. मग पट्टी अलगद डबीत ठेवून त्यांनी झाकण लावलं. त्यांच्या चांगुलपणाला तेवढंच शोभत होतं.

म्हणजे खरी अकरा चौदा महिने खाना चारमध्ये बसून होती. वापरलेल्या पट्टीचं चित्र आजवर कुणी काढलंच नव्हतं. कंपनी खोटं बोलली नव्हती. बहिणीने काही नेलं नव्हतं.

ताईने फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"चोर सापडला," ताई म्हणाली. "मीच. तू उद्या ये. खरी पट्टी अजून आत आहे. तुझ्याशिवाय मी बघणार नाही."

 "स्वेटर आणते," आणि फोन बंद.

शुक्रवारी दुपारी अकरा टेबलावर गेली. यावेळी मेस्त्री काचेतून बघत एकेक हालचाल मोठ्याने बोलत होते आणि ताई झाल्यावर लिहीत होती. बडबडी स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. ती ताईशी फक्त कामापुरतं बोलत होती.

"लेप शाबूत असला तर?"

"तर तुझं प्रकरण आहे तसं राहील. फक्त चित्र बदलायचं."

"आणि नसला तर?"

ताईने सुई खाली सोडायला सुरुवात केली. तोंडी परीक्षा बुधवारी होती. परीक्षकांची गावाहून यायची तिकिटं निघाली होती. या परीक्षेसाठी बडबडीने दोन नोकऱ्या आणि एक चांगलं स्थळ सोडलं होतं.

सुई जवळ यायला तास गेला. मग चित्र उतरू लागलं, वरून खाली, ओळीमागून ओळ.  मेस्त्रींचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पहिल्या वीस ओळींत नीटस दाणे आले. बडबडीने ताईचं मनगट धरलं. मग दाणे संपले. त्याखाली खडबडीत, उघडा धातू. पुन्हा दाण्यांचं एक बेट, पुन्हा उघडा धातू. ताईने जागा बदलून पाहिलं, पुन्हा बदलून पाहिलं. सगळीकडे तेच. लेप फाटक्या चादरीसारखा झाला होता.

बडबडीने मनगट सोडलं.

"म्हणजे हसरे खरंच समजत होते की..."

"हो. मी दिलेल्या चित्रावरून."

"थांब. समजत होते का ते बघू." तिने तिथेच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सरळ सांगितलं: दुसरं चित्र चुकीच्या पट्टीचं आहे, आज खऱ्या पट्टीचं घेतलंय, लेप टिकलेला नाही.

पहिल्यांदाच त्या माणसाच्या आवाजात हसू नव्हतं. "हे अजून कुणाला माहीत आहे?"

ताईने मेस्त्रींकडे पाहिलं. खरं आहे की खोटं, हे हसऱ्यांनी विचारलं नव्हतं. पुन्हा तपासू या, असंही म्हणाले नव्हते.

"का?" बडबडीने विचारलं.

"नाही, म्हणजे... बुधवारी तुमची परीक्षा. ती छान होऊन जाऊ दे. अशा गोष्टी नंतर शांतपणे बघता येतात. आमच्या कारखान्याचाही थोडा तसाच अनुभव आहे, पण तो वेगळा विषय."

"तसाच म्हणजे? पट्ट्या बदलाव्या लागतात?"

"तो वेगळा विषय," हसरे पुन्हा म्हणाले.

"साहेब, आत्ता तिघांना माहीत आहे," बडबडी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत माझ्या परीक्षकांना, विभागप्रमुखांना आणि तुमच्या संचालकांना कळेल. आणि माझ्या आईला, म्हणजे सगळ्या गल्लीला."

तिने फोन ठेवला.  ताईने जवळ घ्यायला हात पुढे केला तर ती मागे सरकली.

"त्या बॅगेचं अजून बाकी आहे," ती म्हणाली. "ते इतक्यात मिटणार नाही. आत्ता संगणक उघड."

"परीक्षा?"

"पुढे ढकलायची. चौथं प्रकरण नव्याने लिहीन. बाहेरच्याने तपासलं म्हणजे खरं, असं मी लिहिलं होतं. तपासणाऱ्यालाही तपासायला हवं, हे मला कुठे माहीत होतं? आधी तुझं पत्र. तुझ्या नावाने, विभागप्रमुखांना. टाईप कर."

ताई टाईप करू लागली. 'नमुना क्रमांक अकरा म्हणून दिलेले चित्र प्रत्यक्षात क्रमांक सातचे आहे. ही चूक माझ्याकडून नकळत...'

"नकळत नको."

"पण नकळतच झालं ना गं."

"मी चाळीस कंपन्यांची पत्रं वाचलीत. सगळे नकळतच करतात."

"मग काय लिहू?"

मेस्त्री नायट्रोजनची टाकी ढकलत बाहेर गेले, दोघींना एकटं सोडून. बडबडी ताईच्या खांद्यावरून वाकली. तिच्या केसांतून साबणाचा वास येत होता.

"काय झालं तेच लिही. मेस्त्रींनी सांगितलं होतं आणि तू काचेतून बघितलं नाहीस. वही बघितलीस."

ताईने ओळ खोडली आणि तसं लिहिलं. मग दोघींनी मिळून ते एकदा मोठ्याने वाचलं, आणि बडबडीने स्वतःच्या परीक्षकांसाठी दुसरं पत्र उघडलं.